तारेची बाराखडी शिकवणारे डॉक्टर : विल्यम ब्रूक ओशॉनेसी

कोलकात्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्याला २०२५ च्या प्रारंभी विजय दुर्ग हे नवे नाव मिळाले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून, म्हणजे मराठ्यांच्या आरमाराच्या प्रसिद्ध ठाण्यावरून ते घेण्यात आले आहे. मराठी वाचकाला जुने नावही अपरिचित नाही. या किल्ल्याचे नाव धारण करणाऱ्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवीत असत आणि त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने याच शहरात आणखी एका भाषेचे धडे सुरू झाले. या भाषेला उच्चार नव्हता. होती ती एका बारीक सुईची डावी-उजवी हालचाल. ती शिकलेले तरुण मैलोगणती दूर असलेल्या यंत्राकडे मोजक्या खुणा पाठवीत, उत्तराची वाट पाहत आणि आलेल्या खुणांची अक्षरे करून कागदावर उतरवीत. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकून काम करायला आज जो विद्यार्थी शिकतो, त्याच्या विद्येची भारतातील पहिली शाळा ती हीच. ही शाळा उभी करणारे डॉ. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हे पेशाने ना अभियंता होते, ना सैनिक. ते वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ होते.

किल्ल्यापासून चुनारपर्यंतचे बुरूज

तारेपूर्वीही फोर्ट विल्यमहून दूरवर संदेश पाठवण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कंपनी सरकारने फोर्ट विल्यमपासून गंगेकाठच्या चुनारपर्यंत उंच बुरुजांची एक साखळी उभारली. पुढे ज्यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी या मार्गाच्या पाहणीचे काही काम केले होते. प्रत्येक बुरुजावर खुणेचे साधन असे. शेजारच्या बुरुजावरचा माणूस दुर्बिणीतून ती खूण पाही आणि पुढच्यासाठी तीच खूण उभी करी. बंगालच्या हावडा, हुगळी आणि बांकुडा जिल्ह्यांत यांपैकी काही बुरूज आजही उभे आहेत.

या व्यवस्थेचे वैगुण्य उघड होते. धुके पडले, पाऊस आला किंवा अंधार झाला की सरकारचे डोळे मिटत. शिवाय एकाही बुरुजावर चूक झाली तर ती पुढे जशीच्या तशी वाहत जाई. १८३० च्या सुमारास हा प्रयोग बंद पडला. मात्र संदेश म्हणजे घोडा किंवा होडी नव्हे, तर ठरवून घेतलेल्या खुणांचा क्रम होय, ही कल्पना त्यातून कलकत्त्याच्या सरकारी वर्तुळात रुजली असावी. गव्हर्नर जनरलच्या सरकारी कागदांवर त्या काळी स्थळ म्हणून फोर्ट विल्यम असेच लिहिले जाई. पुढे तारेला मंजुरी देणारे सरकारही हेच.

कॉलऱ्याचे रक्त आणि कलकत्त्याची रसायनशाळा

ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. एडिंबरा विद्यापीठातून त्यांनी १८२९ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. लंडनमध्ये व्यवसाय करण्यासाठी लागणारा परवाना त्यांना मिळू शकला नाही. तेव्हा त्यांनी रासायनिक पृथक्करणाचे काम हाती घेतले. मिठाईत घातल्या जाणाऱ्या विषारी रंगांवर त्यांनी लिहिले आणि विषप्रयोगाच्या तपासणीतही लक्ष घातले.

१८३१ च्या अखेरीस इंग्लंडच्या संडरलँड बंदरात कॉलऱ्याची साथ आली. २२ वर्षांचे ओशॉनेसी तेथे गेले, रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे त्यांनी दाखवून दिले. जे कमी झाले ते परत भरून काढावे, असा त्यांचा साधा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लॅटा यांनी रुग्णांच्या शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन पाहिले आणि काही रुग्ण वाचले. आज प्रत्येक रुग्णालयात दिसणाऱ्या सलाइनच्या बाटलीचा उगम येथे आहे. तथापि हे काम पुढे अनेक दशके दुर्लक्षित राहिले आणि ओशॉनेसी यांना त्याचा तत्काळ लाभ काही झाला नाही. १८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सहायक शल्यवैद्य म्हणून बंगालमध्ये दाखल झाले.

कलकत्त्यात १८३५ मध्ये मेडिकल कॉलेज स्थापन झाले आणि ओशॉनेसी तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. भारतीय विद्यार्थ्यांसाठी त्यांनी रसायनशास्त्राची एक हस्तपुस्तिका लिहिली. देशी औषधींचा त्यांनी कसून अभ्यास केला. भांग आणि गांजा यांच्या वैद्यकीय उपयोगावरील त्यांचा १८३९ चा निबंध पाश्चात्त्य वैद्यकात या वनस्पतीच्या अभ्यासाचा आरंभ मानला जातो.

या सर्व उद्योगांत एक सवय समान दिसते. परदेशी सामग्रीची वाट पाहत न बसता हाताशी असलेल्या वस्तूंतून साधन घडवायचे आणि ते वापरण्याची रीत लिहून काढून दुसऱ्याला शिकवायची. तारेच्या कामात हीच सवय त्यांचे बळ ठरली. पुढे तिच्यामुळेच त्यांची एक मोठी गैरसोयही झाली.

बोटाला झटका, घड्याळात अक्षर

१८३९ मध्ये ओशॉनेसी यांनी हुगळीच्या पश्चिम तीरावरील वनस्पती उद्यानात विजेच्या तारेचा प्रयोग केला. उद्यानाचे प्रमुख डॉ. नॅथानिएल वॉलिक यांचे साह्य त्यांना लाभले. बांबूंवर लोखंडी तारेच्या अनेक ओळी समांतर ताणण्यात आल्या. सर्व मिळून तारेची लांबी २१ मैल भरली. त्यातील ७ हजार फूट मार्ग नदीच्या पाण्यातून गेला होता. पाण्यात बुडणाऱ्या तारेला डांबर लावून ती चिरलेल्या वेतात बसवण्यात आली होती. इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांचे तारयंत्र नुकतेच रेल्वेच्या कामी येऊ लागले होते आणि अमेरिकेत मोर्स यांची पहिली सार्वजनिक तार सुरू होण्यास अजून ५ वर्षे होती.

संदेश वाचण्याची त्यांची पद्धत आज ऐकताना गंमत वाटते. दोन्ही टोकांना एकाच वेगाने चालणारी दोन घड्याळे ठेवलेली असत आणि त्यांच्या तबकडीवर अक्षरे लिहिलेली असत. काटा इष्ट अक्षरावर आला की पाठवणारा वीज सोडी. घेणाऱ्याचे बोट तारेला लावलेले असे. त्याला झटका बसला की त्या क्षणी काटा कोठे आहे हे पाहून त्याने अक्षर लिहून घ्यायचे. म्हणजे यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग माणसाची त्वचा हाच होता! रुग्णाची नाडी पाहणाऱ्या वैद्याला हे सुचावे, यात नवल नाही.

या प्रयोगाचा वृत्तान्त एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरकारने मात्र विशेष रस घेतला नाही. त्याच वर्षी हुगळीत बुडालेले एक जहाज विजेच्या साह्याने दारू पेटवून उडवण्याच्या कामी ओशॉनेसी यांचे ज्ञान उपयोगी पडले आणि त्याची वाहवा झाली. तारेचा विषय पुढील १० वर्षे तसाच पडून राहिला. दरम्यान ते काही काळ इंग्लंडला जाऊन आले, १८४३ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि परतल्यावर कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची कसोटी पाहण्याच्या खात्यात रुजू झाले.

डायमंड हार्बरची तार

१८४८ मध्ये लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल झाले. मराठी वाचकांना हे नाव सातारा आणि नागपूरची राज्ये खालसा करणारा म्हणून ठाऊक आहे. सर्वत्र हुकूम त्वरेने पोहोचावा, ही त्यांच्या राज्यकारभाराची गरज होती. तेव्हा १८३९ चा प्रयोग कोणाला तरी आठवला आणि १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशा सुमारे ३० मैलांच्या मार्गाला मंजुरी मिळाली.

बंगालची हवा, दलदल, वादळे आणि वीज यांपुढे युरोपातील बारीक तार टिकणार नाही, असे ओशॉनेसी यांचे मत होते. त्यांनी तारेऐवजी ३ अष्टमांश इंच जाडीची लोखंडी सळई वापरली. तीवर पक्षी बसोत की माकडे झोंबोत, ती तुटत नसे. मार्गाचा काही भाग जमिनीखालून नेला आणि तेथे सळईभोवती राळ व वाळू यांचे वितळलेले मिश्रण ओतले. नदी ओलांडताना जहाजाच्या नांगराच्या साखळदंडात तार गुंफली, म्हणजे कोणा जहाजाचा नांगर अडकला तरी ती वाचावी.

यंत्राच्या बाबतीतही त्यांनी हेच धोरण ठेवले. विलायती यंत्रे महाग होती आणि येथील हवेत लवकर बिघडत. म्हणून ओशॉनेसी यांनी एकच बारीक चुंबकी सुई असलेले एक छोटे यंत्र तयार केले. विजेची दिशा बदलली की सुई डावीकडे किंवा उजवीकडे हले. ते स्वस्त होते आणि कलकत्त्यातच त्याची दुरुस्ती होऊ शके. बाकी सर्व भार शिकणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर होता.

या कामात त्यांचा उजवा हात ठरले ते टांकसाळीत त्यांच्याच हाताखाली असलेले शिवचंद्र नंदी. डायमंड हार्बरच्या टोकाहून पहिला संदेश नंदी यांनी पाठवला आणि कलकत्त्याच्या टोकाला तो ओशॉनेसी यांनी घेतला, असे सांगितले जाते. या मार्गाची देखरेख नंदी यांच्याकडे आली आणि नव्या माणसांना शिकवण्याचे कामही. पुढे पद्मा नदीखालून तार टाकायची होती तेव्हा मोठे जहाज भाड्याने न घेता त्यांनी कोळ्यांच्या होड्यांतून ते काम पार पाडले. १८८३ मध्ये त्यांना रायबहादूर हा किताब मिळाला. भारतीय तारेच्या इतिहासात डलहौसी आणि ओशॉनेसी यांची नावे ठळक अक्षरांत येतात. नंदी यांचे नाव बहुधा तळटीपेत येते आणि ते न्याय्य नाही.

१८५१ मध्ये हा मार्ग सुरू झाला आणि पुढे समुद्राच्या बाजूला खेजुरीपर्यंत वाढवण्यात आला. आरंभी त्यावरून मुख्यतः जहाजांच्या येण्याजाण्याची खबर येई. एप्रिल १८५२ मध्ये दुसऱ्या ब्रह्मी युद्धात रंगून इंग्रजांच्या हाती आल्याची बातमी घेऊन एक आगबोट खेजुरीजवळून कलकत्त्याकडे निघाली. ती बंदरात पोहोचण्याच्या कितीतरी आधी बातमी तारेने गव्हर्नर जनरलच्या हाती पडली. दूरवरच्या तारमार्गांसाठी डलहौसी यांना याहून चांगला पुरावा मिळण्यासारखा नव्हता. त्यांनी ओशॉनेसी यांना इंग्लंडला धाडले आणि कंपनीच्या संचालकांकडून संपूर्ण देशासाठी मंजुरी मिळवली.

शिकाऊ तारमास्तर

मंजुरी मिळाली, लोखंडही मिळाले. प्रश्न होता माणसांचा. हजारो मैलांच्या तारेच्या प्रत्येक ठाण्यावर खुणा पाठवू आणि वाचू शकणारा माणूस हवा होता आणि ही विद्या जाणणारे देशात बोटांवर मोजण्याइतकेच होते. ओशॉनेसी यांनी १८५३ मध्ये लंडनमध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे नाव लांबलचक आहे, पण आशय सरळ आहे: तार खात्यातील कनिष्ठ अधिकारी, कारागीर आणि सिग्नलर यांच्यासाठी सूचना. भारतातील तारेच्या कामाचे हे पहिले पाठ्यपुस्तक म्हणावे लागेल.

सिग्नलरचे, म्हणजे आपल्याकडे पुढे ज्याला तारमास्तर म्हणू लागले त्याचे शिक्षण आज वाटते तितके सोपे नव्हते. अक्षरांच्या खुणा पाठ करणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. त्यापलीकडे घटमाला स्वच्छ ठेवणे, वीज कोठे गळते आहे हे ताडणे आणि तार तुटल्यास दोष आपल्या बाजूचा की पलीकडचा हे ठरवणे, हे सर्व त्यालाच करावे लागे. सुईच्या यंत्राने कागदावर काहीच उमटत नसे. नजर हलली की अक्षर गेले. त्यामुळे एकाने सुई पाहून अक्षरे उच्चारायची आणि दुसऱ्याने ती लिहायची, अशी जोडी बसवणे सोयीचे पडे.

मजकुराखेरीज कामकाजाच्या खुणा वेगळ्या असत. जगभरातील तारघरांत मजकुराहून या खुणाच नवशिक्याला आधी आत्मसात कराव्या लागत. पलीकडच्या ठाण्याला हाक द्यायची, तो हजर आहे की नाही हे विचारायचे, मिळाले असे कळवायचे, पुन्हा पाठवा म्हणायचे, थांबायला सांगायचे, संपल्याचे सांगायचे. एवढी पाच-सहा वाक्ये आली की माणूस कामाला लागे, बाकीचे सरावाने येई. ती आली नाहीत तर सगळी वर्णमाला पाठ असूनही तो निरुपयोगी.

संगणकावर आज्ञा टंकायला शिकणाऱ्याला हे सर्व ओळखीचे वाटेल आणि हे साम्य केवळ वरवरचे नाही. तारयंत्राचा पुढचा अवतार म्हणजे टेलिप्रिंटर. त्यात खुणा पाठ करण्याची गरज उरली नाही. कळफलकावर अक्षर दाबले की दूरच्या यंत्रात तेच अक्षर उमटे. वृत्तसंस्थांच्या बातम्या अनेक दशके याच यंत्राने खडखडत येत. भाषांतर करणाऱ्या आमच्या मागच्या पिढीने त्याच कागदी पट्ट्या फाडून मराठी बातमीपत्रे लिहिली. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक प्रणालीचे काम सुरू केले तेव्हा संगणकाशी बोलण्यासाठी त्यांच्यापुढेही टेलिप्रिंटरच होता. टेलिटाइप कंपनीचे ३३ क्रमांकाचे ते यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापी आणि त्याच्या कळा जोर लावून दाबाव्या लागत.

आज्ञांची नावे आखूड का, याचे कारण यात सापडते. फाइलींची यादी दाखवणारी एलएस, नक्कल करणारी सीपी, जागा बदलणारी एमव्ही. दोन अक्षरांत काम भागत असेल तर तिसरे कशाला टंकायचे? कंपनीच्या काळातील तारेचा दर ४०० मैलांपर्यंत १६ शब्दांना १ रुपया असा होता. तेथे काटकसर पैशाची होती, येथे बोटांची. लिनक्सवरील संगणक आजही आपल्या पडद्याला टीटीवाय, म्हणजे टेलिटाइप याच नावाने ओळखतो. संगणकाच्या मूळ अक्षरसंचात मजकुराची अक्षरे आहेत, तशाच मिळाले, कोण आहे, मजकूर संपला अशा तारघरातील खुणाही आहेत. त्यात एक खूण पलीकडची घंटा वाजवण्याची आहे.

शिकण्याचा क्रमही तसाच आहे. आपण कोठे आहोत हे आधी विचारावे. त्यासाठीच्या आज्ञेचे नाव पीडब्ल्यूडी असे आहे आणि महाराष्ट्रातील नवशिक्याला त्यावरून रस्त्यांचे खाते आठवल्यास त्याचा दोष नाही. मग भोवती काय आहे ते पाहावे, नंतर एखाद्या फाइलीची नक्कल करून पाहावी. आरएम ही पुसून टाकणारी आज्ञा शेवटी शिकावी, कारण तिच्यासाठी साधारणपणे कचरापेटी नसते आणि ती बहुधा पुन्हा विचारतही नाही. काम झाले तर संगणक मौन पाळतो आणि चुकले तरच बोलतो, हे नवशिक्याला प्रथम अस्वस्थ करते. डायमंड हार्बरच्या ठाण्यावर स्थिर सुईकडे टक लावून बसलेल्या शिकाऊ तरुणाची अवस्था याहून वेगळी नसणार. फरक इतकाच की त्याच्यासाठी सुईचे मौन काम झाल्याची खूण नव्हती. तार तुटली की पलीकडचा माणूस झोपला, हे त्याला शोधावे लागे.

मोर्सची लिपी आणि पुन्हा पहिला धडा

नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्त्याहून काम सुरू झाले आणि २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्याला पहिला संदेश गेला. अंतर सुमारे ८०० मैल. हा वेग आजच्या कोणत्याही सरकारी खात्याला हेवा वाटावा असा आहे. आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूर या मार्गाने तार मुंबईला आली. मुंबईहून पुणे, बळ्ळारी, बंगळूर अशी ती मद्रासला गेली. १८५५ च्या फेब्रुवारीत ही सेवा सर्व लोकांसाठी खुली झाली. पुढच्या वर्षापर्यंत तारेची लांबी ४ हजार मैलांच्या आसपास पोहोचली होती. मराठीत तार हा एकच शब्द लोखंडी धाग्यालाही आला आणि त्यावरून आलेल्या संदेशालाही. घरी तार आली म्हटले की माणसे कागद उघडण्याआधीच धास्तावत, ते दिवस मात्र पुष्कळ पुढचे.

ओशॉनेसी यांना १८५६ मध्ये नाइट हा किताब मिळाला. त्याच सुमारास त्यांच्या सुईच्या यंत्राचे दिवस भरले. युरोपात मोर्सचे यंत्र सर्वत्र स्वीकारले जात होते. त्यात खुणा कागदाच्या पट्टीवर उमटत, त्यामुळे पुरावा राहत असे आणि वाचणाऱ्याला नजर खिळवून बसावे लागत नसे. शिवाय भारताची तार एक ना एक दिवस युरोपच्या तारेला जोडली जाणार, हे स्पष्ट दिसत होते. मग दोन लिप्या कशा चालणार? युरोपच्या दौऱ्यात ओशॉनेसी यांनी मोर्सची पद्धत जवळून पाहिली आणि १८५७ पासून भारतात ती आणण्याचा निर्णय अमलात येऊ लागला.

या निर्णयाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एक अशी की त्यांनी सुरुवातीसच मोर्सचे यंत्र घ्यायला हवे होते, म्हणजे शेकडो सिग्नलरांना शिकलेले विसरून पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागली नसती. दुसरी अशी की १८५१ मध्ये बंगालच्या दमट हवेत, विलायती कारागीर नसताना, जे यंत्र हाताशी दुरुस्त होईल तेच चालण्यासारखे होते. आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. परंतु नव्याने बाराखडी गिरवणाऱ्या त्या तरुणांनी काय म्हटले असेल, ते सांगणारे फारसे कोणी मागे राहिलेले नाही. स्वतःच्या हाताने घडवलेले यंत्र स्वतःच मोडीत काढण्याचा मोठेपणा ओशॉनेसी यांनी दाखवला, एवढे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

हा बदल सुरू असतानाच १८५७ चा उठाव झाला. ओशॉनेसी तेव्हा भारतात नव्हते. त्यांचे काम पॅट्रिक स्ट्युअर्ट पाहत होते. दिल्लीच्या तारघरात चार्ल्स टॉड आणि ब्रेंडिश व पिल्किंग्टन हे दोन तरुण सिग्नलर होते. मेरठकडची तार बंद पडली तेव्हा टॉड ती तपासण्यासाठी बाहेर पडले आणि मारले गेले. ११ मे रोजी त्या दोघा तरुणांनी अंबाल्याला दिल्लीतील घडामोडींची तार केली आणि ठाणे सोडले. ती तार पंजाबातील इंग्रज अधिकाऱ्यांना वेळेत मिळाली आणि तेथील हिंदी पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. उठाव करणाऱ्यांना तारेचे महत्त्व कळले नव्हते असे नाही. त्यांनी शेकडो मैल तार उखडून टाकली आणि तिच्या लोखंडाचा दारूगोळ्यासाठी उपयोग केला. डलहौसींना हुकूम पोहोचवण्यासाठी हवे असलेले साधन त्याच कामी आले, आणि ज्यांच्या विरुद्ध आले त्यांच्या वंशजांनीच पुढे दीडशे वर्षे ते चालवले.

अखेरचा काळ

ओशॉनेसी उठावानंतर भारतात परतले, पण फार काळ राहिले नाहीत. १८६० च्या सुमारास प्रकृतीच्या कारणाने त्यांनी भारत कायमचा सोडला. १८६१ मध्ये त्यांनी आपले आडनाव बदलून ब्रूक असे केले. त्यानंतर जवळजवळ तीन दशके ते इंग्लंडमध्ये होते. वैद्यक, रसायन आणि तार या तिन्ही क्षेत्रांत एकेकाळी इतके लिहिणाऱ्या या माणसाने त्या काळात विशेष काही प्रसिद्ध केले नाही. ८ जानेवारी १८८९ रोजी पोर्ट्समथजवळील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. तोपर्यंत भारत आणि युरोप यांच्यातील तार सुरू होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता आणि मोर्सच्या खुणा कानाने ऐकून लिहिणारी तारमास्तरांची पिढी गावोगावच्या तारघरांत रुजू झाली होती.

भारतातील तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी रात्री शेवटचे संदेश स्वीकारून बंद झाली. त्या दिवशी देशभरातील तारघरांपुढे आठवण म्हणून तार करू इच्छिणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. तारा स्वीकारून पुढे धाडण्याचे काम तोवर मोर्सच्या खटक्याकडून केव्हाच संगणकाकडे गेले होते.